अप्पांना जपायचं ठरलं तेव्हा

अप्पांना जपायचं, हे घरात सगळ्यांचं एकमतानं ठरलं होतं, आणि आमच्या घरात एकमतानं काही ठरणं हेच नवल. भाजीत मीठ किती असावं यावर आमच्यात दोन तट पडतात. पण त्या उन्हाळ्यात, कोरोनाची दुसरी लाट गावात शिरली तेव्हा, कुणी काही वाद घातला नाही. बाकीच्यांना काय व्हायचं ते होऊ दे, म्हाताऱ्या माणसाला धक्का लागता कामा नये.

अप्पा म्हणजे माझे सासरे. पंचाहत्तरी उलटलेली, शुगर जुनी, थंडीत दमा उचल खातो. कर्नाटकात, बिदरकडच्या हुलसूरला आमचं घर भरलेलं. अप्पा, सासूबाई, थोरले दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, माझी जाऊ, मी, माझा नवरा, आणि आम्हा दोघी जावांची लेकरं. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे दीर लहान होते, त्यांनी अक्का म्हणायला सुरुवात केली आणि तेच पुढं सुनांच्याही तोंडी बसलं. अण्णा शेती बघतात, ऊस भालकीच्या कारखान्याला जातो. नवऱ्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान. मी भालकीच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. माझं माहेर महाराष्ट्रातलं उदगीर, म्हणजे बसनं उतरलं की राज्य बदलतं, बोलणं काही बदलत नाही.

शाळा बंद होत्या. मग आम्हा शिक्षकांना सर्वेला जुंपलं. कपाळावर धरायची ती थर्मामीटरची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन मी दारोदार फिरायची. पायाला भिंगरी लावल्यासारखी. लोक दार अर्धं उघडायचे, मला बघून तोंड वाकडं करायचे. ‘बाई, आमच्यात कुणाला काय न्हाई,’ म्हणायचे आणि आतून खोकल्याचा आवाज यायचा. मला चीड यायची, आणि चिडून उपयोग नसायचा.

त्या फिरण्यात मी घरं बघितली, आणि ती बघून माझं डोकंच फिरलं. आमच्यासारख्या भरल्या घरात एकाला ताप आला की आठवड्याच्या आत सगळं घर आडवं. पण त्याच घरात कुणी ना कुणी उठून पेज करायचं, कुणी गोळ्या आणायचं, कुणी रात्रंदिवस उशाला बसायचं. उलट कोहिनूर गावाच्या बाजूला एक नवरा-बायको राहायचे, दोघंही थकलेले, मुलगा पुण्यात आणि मुलगी हैदराबादेत. त्यांच्या घरात आजार सहजासहजी शिरलाच नाही. शिरला तेव्हा म्हातारे आत पडून राहिले, आणि ते दूधवाल्यानं दार वाजवल्यावर कळलं. आता मी कुठल्या बाजूनं बोलू? एकत्र राहा म्हणू की वेगळे राहा म्हणू? घरी येऊन अंगणातच अंघोळ करायची, कपडे गरम पाण्यात टाकायची, आणि तरी जिवाला चैन नसायचं. रोज डोक्यात एकच, अप्पा.

कारण आमच्या घरात कूलर एकच, आणि तो अप्पांच्या खोलीत. चैत्र-वैशाखात आमच्याकडं दुपारी बाहेर पाय ठेवला तर चपलेतून चटका बसतो. जेवणं झाली की ज्यानं त्यानं उशी उचलायची आणि अप्पांच्या खोलीत जायचं. लेकरं, जाऊ, अण्णा, दुकान बंद करून आलेला नवरा. खिडकीला ओलं पोतं, दार लावलेलं, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत फडकं कोंबलेलं. मधोमध अप्पांची खाट आणि खालच्या सतरंजीवर अख्खं घर. धाकटी नात अप्पांच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. अप्पांच्या चेहऱ्यावर काय ते समाधान. असं वाटायचं, या माणसाला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं.

आणि मी दारात उभी राहून कावळ्यासारखी ओरडायची. अरे, ही कोंडलेली हवा आहे, बाहेरून आलेला एक जण इथं शिंकला तर संपलं. कुणी ऐकलं तर शपथ. अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, ‘बाई, तू सर्वे गावात कर, घरात कामून करायलीस?’ आणि सतरंजीवर हशा. अप्पा समजुतीनं म्हणायचे, लेकरं भोवती असली की त्यांना झोप लागते. नवरा काहीच बोलायचा नाही, तो घोरायचा.

शेवटी मी तो कूलर मोडला. होय, मीच मोडला, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. एका संध्याकाळी सगळे अंगणात चहा पीत होते. मी पकड घेऊन मागच्या बाजूनं गेले, पंपाची वायर तोडली आणि उरलेलं टोक पाण्यात ढकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या खोलीत गरम झळा यायला लागल्या. मेकॅनिक भालकीला, त्याचं शटर बंद, फोन लागेना. अण्णांनी दोन वेळा उघडून बघितलं आणि मला यातलं काय कळतंय म्हणून सोडून दिलं. नवऱ्याला संशय आला असावा, कारण पकड ओली होती. त्यानं ती पुसून जागेवर ठेवली आणि तोंड उघडलं नाही. त्या माणसाचा तेवढ्यापुरता मला अभिमान वाटला.

मग घर स्लॅबवर गेलं. दुपारी ज्याला जिथं सावली मिळेल तिथं, आणि संध्याकाळ झाली की पाणी मारून सगळ्यांची अंथरुणं वर. मोकळी हवा. मला हेच पाहिजे होतं. अप्पांचे गुडघे गेलेले, त्यांना जिना चढता येत नाही, ते खालीच राहिले. आता कायदा सोपा झाला. अप्पांच्या खोलीत कुणी जायचं नाही. त्यांचं ताट, तांब्या, पेला वेगळा. लेकरांनी अंगणातूनच हाक मारायची. अण्णांनीही मान डोलावली, म्हणाले, पोरीचं खरं हाय. मला वाटलं, जिंकले मी.

तेवढ्यात जाऊनं विचारलं की मग अप्पांना जेवण कुणी द्यायचं. मी सर्वेला फिरते, नवरा दुकानात शंभर गिऱ्हाइकांशी बोलतो, अण्णा बाजारात जातात, जाऊ लेकरांच्या गराड्यात. आम्ही सगळ्यांनी एकदमच अक्काकडं बघितलं.

‘अक्का हाय की,’ अण्णा म्हणाले.

अक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं मागं न बघता हूं केलं. इतकं सरळ होतं ते. आमच्या डोक्यात म्हातारं माणूस म्हणजे अप्पा. खाटेवर बसलेलं, गोळ्या खाणारं, ज्याच्या पाया पडायच्या असतात ते. अक्का पहाटे उठते, दळण निवडते, दूध तापवते, भाकरी थापते. जी चुलीपुढं आहे ती म्हातारी कशी असेल? ती हातापायानं धड होती, म्हणून घराच्या हातापायांतच तिची गणती.

तसं बघायला गेलं तर त्याआधीही हेच झालं होतं. म्हाताऱ्यांना लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा मी दोघांनाही घेऊन जायचं म्हणाले. अप्पा पांढरं धोतर नेसून जीपमध्ये पुढं बसले, गावभर नमस्कार करत गेले. पण त्याच दिवशी आमच्या घरी कुरडयांचा चीक शिजवायचा होता. गहू भिजवून तिसरा दिवस, त्या दिवशी वाटून चीक घाटला नाही तर आंबून फुकट जातो. अक्का म्हणाली, तुम्ही जावा, मी पुढच्या खेपेला येते. आमच्यातल्या कुणाला ते वावगं वाटलं नाही. गहू टाकून कोण जाईल? पुढच्या खेपेला गेलो तर लस संपलेली. मग पुन्हा जाणं झालंच नाही. अप्पांचा दुसरा डोस मात्र आम्ही बरोबर वेळेवर दिला, त्यासाठी नवऱ्यानं दुकान बंद ठेवलं.

आजार आलाच. कुठून आला यावर आमच्या घरात अजून तंटा आहे. सगळ्यांचं म्हणणं, मी सर्वेतून आणला. मी म्हणते दुकानातून आला, कारण पहिला ताप नवऱ्याला. मग अण्णा, मग जाऊ, मग एकेक लेकरू, मग मी. स्लॅबवर रांगेनं अंथरुणं, प्रत्येकाच्या उशाला तांब्या. लेकरं दोन दिवसांत उठून पतंग उडवायला लागली. आम्हा मोठ्यांची मात्र हाडं मोडून निघाली. तोंडाला चव नाही, वास नाही, उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधारी.

आणि त्या सगळ्यात अक्का. एका हातात काढ्याचं पातेलं, दुसऱ्या हातात पेल्यांची चळत, जिना चढायची आणि उतरायची. वाफेचं पाणी वर, खरकटी भांडी खाली. जाऊचं अंग चेपायची, माझ्या कपाळाला हात लावून बघायची, लेकराला मांडीवर घेऊन पेज भरवायची. आणि तिथून उतरली की तशीच अप्पांचं ताट घेऊन खाली त्यांच्या खोलीत. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं असं ठरलेलं होतं. ती उंबऱ्यावर कधीच थांबली नाही. वर पडल्या पडल्या मला त्या दोघांचं बोलणं ऐकू यायचं, अप्पांचं सावकाश, हिचं तुटक. मी कठड्यावरून खाली ओरडायची, अक्का, बाहेर या. ती बाहेर येऊन वर बघायची आणि पदरानं तोंड पुसत म्हणायची, ‘व्हय व्हय, आलेच.’ आणि पुन्हा आत.

मी ऑक्सिमीटर दोरी बांधून खाली सोडायची. अप्पांनी तो बोटाला लावायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. अप्पा बाजारात बोली लावल्यासारखे ओरडायचे. शहाण्णव. सत्त्याण्णव. आकडा ऐकला की स्लॅबवरचे आजारी सुटकेचा श्वास टाकायचे. अप्पांना एक दिवस कणकण आली, दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. लस लागू पडली, मोकळी खोली लागू पडली, आम्ही एकमेकांना सांगायचो. मी तर स्वतःवर भलतीच खूश होते.

एकदा मी अक्कालाही म्हटलं, आलात तशा बोट द्या. तिनं हात पदराखाली घेतला. ‘माझं कशाला? सेल उतरतील त्याचं.’ आणि हसली. मी आग्रह केला तर म्हणाली, हाताला पीठ आहे, धुऊन येते. गेली ती गेलीच. ती खोकायची, पण चुलीपुढं कोण खोकत नाही? मिरचीचा ठसका म्हणायची. आम्हाला त्या दिवसांत वासच येत नव्हता, मिरची परतली की नाही ते कळणार कसं?

एका सकाळी काढा आला नाही. जाऊनं दोन हाका मारल्या. मी उठून जिन्यापाशी गेले तर अक्का मधल्या पायरीवर बसलेली, पातेलं मांडीत धरलेलं, काढा काही सांडला नव्हता. मी म्हटलं, काय झालं. ती म्हणाली, जरा बसले बाई, उठते. तिला ते एवढं बोलायलाही मध्ये थांबावं लागलं. ओठ निळसर पडले होते. मी तिचं बोट ओढूनच घेतलं आणि यंत्र लावलं. आकडा सत्तरच्या खाली होता. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून मी ते माझ्या बोटाला लावून बघितलं. यंत्र बरोबर होतं.

नवरा अजून अशक्त होता, तरी त्यानंच जीप काढली. मागं मी, माझ्या मांडीवर अक्काचं डोकं. भालकीत बेड नव्हता, दारातूनच हात हलवला. मी उदगीरला भावाला फोन लावला, तो म्हणाला इकडं व्हरांड्यातसुद्धा जागा नाही, आणि सीमेवर बॅरिकेड लावलेत, येण्यात वेळ घालवू नको. मग बिदर. रस्ताभर मी अक्काला पालथं झोपवायला बघत होते, टीव्हीवर तसं सांगायचे. जीपच्या सीटवर ते कसं जमणार? ती मधेच म्हणायची, सोड माय, गुदमरायलंय. मी रडत होते आणि तिच्यावरच ओरडत होते, सांगितलं का नाहीत, तोंड नव्हतं का तुम्हाला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, जसा ती तापलेल्या लेकराच्या हातावर ठेवायची.

बिदरच्या दवाखान्यात दारातच एक सिस्टर उभी होती. तिनं कन्नडमधून विचारलं, वय किती. नवरा म्हणाला, ऐवत्तैदु, पंचावन्न. तिनं लिहायला सुरुवात केली. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी अडलं.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘अण्णा बावन्नचे हायत.’

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या आईचा थोरला मुलगा बावन्नचा, आणि आई पंचावन्नची. अप्पांची पंचाहत्तरी आम्ही मांडव घालून केली होती, भालकीहून आचारी आणला होता. त्या दिवशी अक्का दिवसभर आचाऱ्याच्या मागं उभी होती. तिचं वय कुणी कधी विचारलं नव्हतं. सिस्टर घाईला आलेली, तिनं पेन वर धरून पुन्हा विचारलं. मी अंदाजानं सत्तर म्हटलं. मग तिनं विचारलं, लस झाली का. नाही, मी म्हटलं. ज्या घरात म्हातारं माणूस जपायचं म्हणून कूलर तोडला जातो, त्या घरातली सत्तरीची बाई अशी स्ट्रेचरवर पडून होती.

तिला आत नेलं. आम्हाला बाहेर थांबवलं. ऑक्सिजन लागला, त्या पहिल्या दिवशी तिनं खिडकीतून हातानं खुणावून मला विचारलं, जेवलीस का. दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनवर घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही. तिला घरी आणता आलं नाही. अण्णांना तापात उठवून आणलं, त्यांनी लांबून हात जोडले. अप्पांना आम्ही आणलंच नाही. त्यांना गर्दीत आणायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तेव्हासुद्धा.

हळूहळू घर सावरलं. गाव म्हणायचं, तुमचं घर नशीबवान, एवढी माणसं आणि एकच गेलं, म्हातारा वाचला बघा. मी हे ऐकलं की उठून आत जायची. आत गेलं तरी बसवायचं नाही. डबे काढायची, पुसायची, पुन्हा जागेवर ठेवायची.

अप्पांचं ताट आता मी नेत होते. उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. अप्पा काही बोलायचे नाहीत. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटायचं, दगड आहे हा माणूस. एका दुपारी मी ताट ठेवून वळले तर त्यांनी हाक मारली. मी थांबले.

‘ती खोकायली व्हती,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सगळे वर पडलेलाव. मला ऐकू येत व्हतं. इथंच बसून खोकायची, माझ्या पायथ्याला.’

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही कुणाला.

त्यांनी ताट जवळ ओढलं. ‘सांगितलो असतो तर तिला बी तुम्ही वर नेला असताव,’ ते म्हणाले. ‘मग इथं कोण आलं असतं? ती आली की बरं वाटायचं मला.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं ताट उचलून अंगणात भिरकवावं. वाटलं या माणसाला धरून गदागदा हलवावं आणि विचारावं की तिचं काय, तिला काय वाटायचं. ते माझ्याकडं बघत होते, शिक्षेची वाट बघणाऱ्या पोरासारखे. माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘जेवून घ्या अप्पा, भाकरी गार होईल.’

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. अप्पा अजून आहेत, लेकरं पुन्हा त्यांच्या खाटेभोवती झोपतात, कूलर दुरुस्त झाला. मला त्यांचा राग येतो, मनापासून येतो, आणि त्या रागासकट मी रोज दोन्ही वेळा त्यांना जेवायला वाढते.